सैन्यातील वेल्डिंगचे शिक्षण व त्यापुढील नोकरी

आमच्या वस्त्यांना फौजेची ओढ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धातील थोडा काळ सोडला तर ती बंदच राहिली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा हा दरवाजा पुन्हा उघडला. त्यामुळे 'भरती' म्हटले की आमच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे पायदळ येते. पायदळाचा मान मोठा आहे, यात शंका नाही. परंतु फौजेत पूल बांधणारे, रणगाडे दुरुस्त करणारे, लोखंड जोडणारेही जवान असतात, आणि या शाखांची चौकशी आमची मुले फारशी करीत नाहीत, हे आम्हांला खटकते.

पुण्याजवळ खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. तेथील सॅपर प्रथम सैनिक व नंतर कारागीर असतो; कवायत व शस्त्रांचे शिक्षण पुरे झाल्यावर धंदेशिक्षण सुरू होते. दुसरी शाखा ईएमई, म्हणजे विद्युत व यांत्रिकी अभियंता दल. हे दल १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झाले व त्याची शिक्षणकेंद्रे सिकंदराबाद व भोपाळ येथे आहेत. त्याच युद्धकाळात, जुलै १९४२ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि युद्धासाठी कारागीर तयार करणारी तांत्रिक शिक्षण योजना याच खात्याकडे होती. आमच्या सभांमधून घटनेविषयी पुष्कळ बोलले जाते, या खात्याविषयी मात्र फारच कमी.

आता प्रत्यक्ष धंद्याकडे वळू. गॅस वेल्डिंगमध्ये ऑक्सिजन व ॲसिटिलीन मिळून सुमारे ३१०० अंश सेल्सिअसची ज्योत होते. पोलाद साधारण १५०० अंशांना वितळते. आपल्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर काळे, तर ॲसिटिलीनचे तांबूस किरमिजी असते. ॲसिटिलीनच्या जोडाचे आटे उलटे असतात, म्हणजे घाईतही चुकीची नळी बसू नये. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल वा ग्रीस लागता कामा नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. ज्योतही ओळखावी लागते. ॲसिटिलीन जास्त झाले तर पोलादात कार्बन शिरतो, ऑक्सिजन जास्त झाला तर धातू जळतो. साध्या पोलादाला समतोल ज्योत हवी.

आर्क वेल्डिंगमध्ये विजेच्या ठिणगीने रॉड व पत्रा एकदम वितळतात. रॉडवरील लेप जळून जोडावर मळी बसते, ती वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. प्रत्येक थरानंतर ती हातोडीने पूर्ण काढावी लागते, नाहीतर जोडाच्या पोटात मळी राहते. वरून जोड चकचकीत दिसतो आणि भार आला की फाटतो. जाड व महत्त्वाच्या कामाचे कमी हायड्रोजनचे रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवतात, कारण दमटपणातून हायड्रोजन जोडात शिरतो व नंतर तडा जातो. काळ्या काचेशिवाय आर्ककडे पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. जस्ताचा पत्रा जोडताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो. हे सर्व रस्त्याकडेच्या दुकानातही शिकता येते, परंतु तेथे काच असतेच असे नाही.

फौजेत या कामाचे मोल वेगळ्या तऱ्हेने कळते. दुसऱ्या महायुद्धातील बेली पुलाचे उदाहरण घ्यावे. त्याचा प्रत्येक सांगाडा १० फूट लांब, वजनाने सुमारे २६० किलो, सहा जणांनी उचलण्याजोगा. जागेवर तो खिळींनी जोडतात, पण सांगाडा स्वतः वेल्डिंगने तयार झालेला असतो. डोंगरी रस्त्यांवर असे पूल आजही टाकले जातात. जोड करणाऱ्याचा हात चुकला तर त्यावरून जाणारी गाडी खाली जाते, एवढे साधे गणित आहे.

खरी अडचण निवृत्तीनंतर येते. आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. पेन्शनसाठी येणाऱ्या माजी सैनिकांशी बोलणे होते. पंधरा-सतरा वर्षे वेल्डिंग केलेला माणूस इमारतीच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा असतो. विचारले तर कळते की कारखान्यात कागद चालला नाही. अभियंता दलाच्या नोंदीत धंद्याचे नाव 'आर्टिझन मेटलर्जी' असे असते. खाजगी कारखान्यातील कारकुनाला त्यातून 'वेल्डर' उमगत नाही. म्हणून सेवेत असतानाच धंद्याच्या परीक्षेचे दाखले जपावेत, निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांची माहिती घ्यावी व घरी परतताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. कारखाना दाखल्याबरोबर हातही पाहतो. तो उभा जोड व डोक्यावरचा जोड करून घेतो, नमुना वाकवून पाहतो. या चाचणीत फौजेतला हात मागे पडण्याचे कारण नाही.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्या मूळ आराखड्यात सेवा चार वर्षांची आहे व जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढे कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन मिळत नाही. एवढ्या रकमेचे घर आमच्या शहरात येत नाही. तेव्हा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परतणाऱ्या मुलाच्या हातात कोणता धंदा असेल, हा प्रश्न भरतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीचा आहे. तांत्रिक वर्गासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी लागते, किंवा दहावीनंतर ठराविक आयटीआय वा पदविका. संस्थेच्या अभ्यासिकेत सध्या सकाळी धावण्याच्या सरावाला मुले भरपूर येतात. गणिताच्या तासाला त्यांपैकी थोडीच थांबतात.