मुलांचे उच्चार आणि शिक्षकाचा कान

पहिलीच्या वर्गात शिक्षक डोळ्याचे चित्र दाखवितात. एक मूल 'डोळा' म्हणते, दुसरे 'डोला' म्हणते. दुसऱ्याचे उत्तर चूक ठरते, वर्गात हशा पिकतो आणि पुढच्या चित्राच्या वेळी त्या मुलाचा हात वर येत नाही. वस्तुतः त्याने चित्र बरोबर ओळखले होते. शब्दही त्याला ठाऊक होता. तो त्याने आपल्या घरी ऐकला तसा उच्चारला, एवढेच. अशा प्रसंगी शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत वसली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. भोवतालच्या गावांतून आगरी बोली पूर्वापार चालत आलेली आहे. वाड्यापाड्यांवर ठाकर व कातकरी समाजाच्या बोली आहेत. कारखान्यांच्या व रेल्वेच्या निमित्ताने देशावरून, कोकणातून व परप्रांतांतून आलेली कुटुंबेही येथे स्थायिक झाली आहेत. यास्तव एकाच बाकावर बसलेल्या मुलांचे कान निरनिराळ्या घरांत घडलेले असतात.

कान घडतो, हे शब्दशः खरे आहे. पीटर आयमस व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, अवघ्या एक महिन्याच्या अर्भकासही 'ब' व 'प' यांसारख्या ध्वनींतील भेद कळतो. पुढे १९८४ मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी आपल्या 'त' व 'ट' यांच्याशी निगडित असा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हिंदीतील दंत्य व मूर्धन्य ध्वनींतील भेद ओळखता आला. परंतु दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांतील बालकांची ही शक्ती मात्र टिकून होती. याचा अर्थ असा की, जे भेद घरच्या भाषेत उपयोगी पडतात, तेवढे मूल पहिल्या वर्षातच पक्के करते आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करू लागते. ही उणीव नव्हे. भाषा शिकण्याची ती रीतच आहे.

आता आपल्या वर्गाकडे वळू. आगरी बोलीत 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' ऐकू येतो. प्रमाण सिंधीत 'ण' आहे, पण 'ळ' नाही. मराठीत 'चहा' मधील 'च' निराळा व 'चाक' मधील 'च' निराळा. 'जीभ' मधील 'ज' निराळा व 'जाळे' मधील 'ज' निराळा. सिंधी घरातील मुलास यांपैकी पहिलाच प्रकार परिचित असतो. लिपीत दोहोंस एकच अक्षर असल्यामुळे पुस्तक त्याच्या मदतीस येत नाही. उलटपक्षी, सिंधीत ग, ज, ड व ब यांच्या जोडीला स्वरयंत्र किंचित खाली ओढून उच्चारावयाचे चार स्वतंत्र वर्ण आहेत. देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे अक्षराखाली आडवी रेघ देऊन लिहितात. मराठीभाषक शिक्षकास बहुधा हे भेद सहजी ऐकू येत नाहीत. तेव्हा 'याला ऐकू कसे येत नाही?' असे मुलाविषयी वाटेल, त्या वेळी शिक्षकाने स्वतःच्या कानाची ही मर्यादा ध्यानी घ्यावी.

मुलाचा उच्चार वेगळा पडण्याची तीन कारणे संभवतात व त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिले कारण वय. लहान मूल 'राजा' ऐवजी 'लाजा' म्हणते. पण मोठ्या माणसाने 'लाजा' म्हटले, तर तेच मूल रागावते. बर्को व ब्राऊन यांनी १९६० मध्ये अशाच प्रकारची नोंद केली आहे. येथे कान तयार असून जीभ मागे असते. बहुधा काही काळाने ती आपोआप वळते. दुसरे कारण घरची बोली. येथे जीभ व कान दोन्ही निर्दोष असतात. त्यांना नव्या भेदाची ओळख तेवढी व्हावयाची असते. तिसरे कारण श्रवणदोष. जे मूल घरच्या बोलीतही शब्दांची गल्लत करते, पुनःपुन्हा विचारते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते किंवा ज्याचा कान वाहतो, त्याची प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब तपासणी करवून घ्यावी.

घरच्या बोलीमुळे पडणारा फरक असेल, तर आधी कान व मग जीभ हा क्रम पाळावा. मूळ-मूल, माळ-माल, वेळ-वेल, सण-सन, मण-मन अशा जोड्या घ्याव्यात. ज्यांची चित्रे काढता येतील त्यांची काढावीत: झाडाचे मूळ व खेळणारे मूल, मण्यांची माळ व पोत्यांतील माल. शिक्षकाने वहीआड तोंड झाकून शब्द म्हणावा आणि मुलांनी चित्रावर बोट ठेवावे. या खेळात मुलांना उच्चार करावयाचा नसल्याने संकोच राहत नाही. भेद कानाला पटला म्हणजे जिभेची जागा दाखवावी: 'ल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, 'ळ' म्हणताना ते मागे वळून टाळूस लागते. त्यानंतर वाचन व सर्वांत शेवटी श्रुतलेखन घ्यावे. जो भेद कानास कळत नाही, तो लेखनात उतरावा अशी अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

हे कार्य ध्वनिफितीवर किंवा पडद्यावर सोपवून भागेल काय? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकविली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून ती बालके त्या भाषेतील ध्वनिभेद शिकली. तोच मजकूर पडद्यावरून ऐकून शिकली नाहीत. पहिलीतील मूल अर्भक नव्हे, हे खरे. तथापि समोरच्या माणसाच्या आपुलकीचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. किंझलर, ड्युपू व स्पेल्की यांच्या २००७ मधील अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांनी आपल्यासारख्या ढबीत बोलणाऱ्या मुलांनाच मित्र म्हणून अधिक पसंत केले. ही ओढ मुलांत लवकर येते. तिला खतपाणी घालावयाचे की आवर घालावयाचा, हे शिक्षकाच्या वागण्यावर पुष्कळसे अवलंबून असते. शिक्षक हसले की वर्ग हसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांचा मानसिक छळ निषिद्ध मानला आहे. उच्चारावरून केलेली नक्कलही मुलाच्या मनास छळच वाटते.

म्हणून 'डोला' हे उत्तर प्रथम बरोबर म्हणून स्वीकारावे. 'होय, हा डोळा. तुझ्या घरी डोला म्हणतात, पुस्तकात डोळा लिहितात,' एवढे म्हणून पुढे जावे. मुलाच्या कानावर नवा शब्द पडतो आणि त्याच्या आईचा शब्दही चुकीचा ठरत नाही. आठवड्यातून एकदा सिंधी घरातील एखाद्या मुलास आपला 'ॿ' वर्गाला शिकवू द्यावा. शिक्षकांनी तो सर्वांदेखत म्हणून पाहावा, चुकावे व पुन्हा प्रयत्न करावा. नवा ध्वनी शिकताना मोठी माणसेही अडखळतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे 'डोला' म्हणणारे मूल पुढच्या चित्राला हात वर करील.