‘डिसमिस’ या शब्दाचे अर्थ व उपयोग

कवायत संपली की ‘विसर्जन’ अशी आज्ञा दिली जाते. इंग्रजीत तिच्या जागी ‘डिसमिस’ हा शब्द आहे. मात्र कोशात त्यापुढे ‘बडतर्फ करणे’ हा अर्थ पाहून एखादा विद्यार्थी ‘क्लास डिसमिस्ड’ म्हणजे ‘वर्ग बडतर्फ झाला’ असे लिहितो. त्याला हसण्यापूर्वी आपण तो शब्द नीट शिकविला होता काय, हे पाहावे.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे. ‘दिस्’ हा उपसर्ग दूर होणे दर्शवितो. या धातूचे गोत खेड्यातही नांदते: शाळेतील ‘ॲडमिशन’, परवान्याचे ‘परमिट’, गावची ‘कमिटी’. हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवावेत. आपल्या ‘विसर्जन’ शब्दातील ‘सृज्’ धातूचाही एक अर्थ सोडणे असाच आहे. गणपतीच्या विसर्जनात अवमान नसतो, उलट पुढच्या वर्षाचे आमंत्रण असते. तेव्हा वर्गाच्या बाबतीत ‘वर्ग सुटला’ हेच सरळ भाषांतर होय. क्रिकेटमध्ये ‘बाद’ म्हणावे.

नोकरीत मात्र हा शब्द कठोर होतो. ‘बडतर्फ’ हा फारसीतून आलेला शब्द; अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द या नावांतील ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ हेही तिकडचेच, पण ते आता कोणास परके वाटत नाहीत. जिल्हा परिषद सेवकांसाठी असलेल्या १९६४ च्या शिस्त व अपील नियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन निरनिराळ्या शिक्षा आहेत. पहिली पुढील नोकरीच्या आड येत नाही. दुसरी सामान्यतः येते. निलंबन यांपैकी काहीच नव्हे. वर्तमानपत्रे हे तिन्ही शब्द सरमिसळ वापरतात; शिक्षकाने तसे करू नये.

सर्वांत अधिक जपावयाचे ते कोर्टाच्या कागदात. गावकरी कागद वाचून घेण्यास अजूनही गुरुजींकडे येतात. समजा, बांधाच्या दाव्यातील वादी तारखेस गैरहजर राहिला, प्रतिवादी हजर होता, आणि दावा ‘डिसमिस’ झाला. ‘निकाल लागला’ एवढेच आपण सांगितले, तर तो घरी जाऊन स्वस्थ बसेल. वास्तविक पुराव्याचा विचार होऊन दावा फेटाळला जाणे वेगळे, आणि गैरहजेरीमुळे तो काढून टाकला जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. परंतु गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तोच दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्यासाठी ३० दिवस असतात, व ते कागद हाती पडल्यापासून नव्हे, तर दावा काढून टाकल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणून कागदावरील ती तारीख त्यास प्रथम वाचून दाखवावी आणि त्याच दिवशी वकिलाकडे जाण्यास सांगावे.