रक्तातील चळती

सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयातील वाहते रक्त बहुधा काळेच दिसते. पण काही रोग्यांच्या हृदयात धुरासारखी करडी वलये संथपणे फिरताना दिसतात आणि डॉक्टर सावध होतात. हा धूर येतो कोठून?

थोडे गणित करू. रक्तात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५७० मीटर असतो. उपकरणातील ध्वनीची कंप्रता ५० लाख हर्ट्‌झ धरली, तर तरंगलांबी येते सुमारे ०.३ मिलिमीटर. तांबड्या पेशीचा व्यास असतो त्याच्या जवळजवळ चाळिसाव्या भागाएवढा. इतका लहान कण ध्वनीचा अगदी थोडा अंश सर्व बाजूंना विखुरतो. यालाच प्रकीर्णन म्हणतात. लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये आकाशाच्या निळेपणाचा उलगडा करताना जो नियम मांडला, तसाच नियम येथेही लागू पडतो. विखुरलेल्या ध्वनीची तीव्रता कंप्रतेच्या चौथ्या घाताच्या आणि कणाच्या घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

या वर्गातच सारी मेख आहे! दहा मुलांनी झोपाळ्याला वाटेल तेव्हा धक्के दिले, तर बरेचसे धक्के वाया जातात. सर्वांनी एकदम धक्का दिला, तर झोपाळा उंच जातो. दूर विखुरलेल्या दहा पेशींची तीव्रता एकीच्या दसपट होते. त्याच दहा एकमेकींना चिकटल्या, तर घनफळ दसपट आणि तीव्रता शंभरपट होते! रक्तात पेशींची दाटी असल्यामुळे प्रत्यक्षातील हिशेब इतका सरळ नसतो, पण रोख हाच.

पेशी चिकटतात कशा? त्या चपट्या असतात. रक्तद्रवातील फायब्रिनोजेनसारख्या मोठ्या प्रथिनांमुळे त्या नाण्यांसारख्या एकीवर एक बसून चळती बनतात. रक्त वेगाने वाहू लागले, की चळती मोडतात. मंदावले, की पुन्हा जमतात. म्हणजे चळत ही गुठळी नव्हे.

मग डॉक्टर सावध का होतात? हृदयाचा डावा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरू लागला, की तेथे रक्त रेंगाळते, चळती वाढतात आणि धूर दिसतो. रेंगाळलेल्या रक्तातच खरी गुठळी होण्याचा धोका असतो. ती सुटून मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होऊ शकतो. धूर हा आगाऊ इशारा आहे. तो ओळखला, तर गुठळी टाळणारे औषध वेळेवर देता येते.

रक्ततपासणीच्या कागदावर ‘ई.एस.आर.’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, याचे ते माप. सुट्या पेशींपेक्षा चळती लवकर खाली बसतात. म्हणजे तेथेही याच चळती!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. ध्वनीची कंप्रता दुप्पट केली, तर एका पेशीपासून होणारे प्रकीर्णन किती पट होईल? वर दिलेल्या नियमावरून काढून पाहा.