ढिगाऱ्यावरचे रान

चांद्याचा मुलूख हा रानांचा मुलूख होय. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर साग, बांबू आणि मोह यांची झाडी तीच आहे. या मुलखात, विशेषतः वर्धा नदीच्या खोऱ्यात, जमिनीखाली दगडी कोळशाचे थर पसरलेले आहेत. २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे विस्तीर्ण दलदली होत्या. त्यांतील झाडे मरून पाण्यात पडत. पाण्याखाली हवा पोचेना. त्यामुळे जिवाणूंना ती पुरती कुजवता येईनात. वर गाळ साचत गेला आणि त्याच्या भाराखाली त्या झाडांचा कोळसा झाला.

हा कोळसा काढण्यासाठी आता पुष्कळ ठिकाणी उघड्या खाणी खणतात. प्रथम रान तुटते. मग वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि दगड उपसून बाजूला टाकतात. त्याचे टेकड्यांएवढे ढीग होतात. निसर्गाने वर ठेवलेली सुपीक माती तळाशी गाडली जाते आणि पाताळातला दगड माथ्यावर येतो. अशा ढिगात ओल टिकत नाही. पावसाळ्यात त्याचा गाळ ओहोळांवाटे नदीनाल्यांत उतरतो व त्यांची पात्रे उथळ करतो. उन्हाळ्यात त्याचीच धूळ गावांवर बसते. त्यावर नुसती रोपे लावून भागत नाही. खड्डा खणला, पाणी घातले, तरी रोप खुरटते.

असे का व्हावे? माती म्हणजे केवळ दगडाचा भुगा नव्हे. चिमूटभर जिवंत मातीत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. धानाच्या बांधीतले लाखोळीचे एखादे रोप हलकेच उपटून पाहा. त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतील नायट्रोजन ते झाडाला पचेल अशा रूपात आणून देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. काही बुरशी मुळांना बिलगून राहतात. आपले तंतू दूरवर पसरून त्या पाणी व फॉस्फरस ओढून आणतात. या मूक देवाणघेवाणीवर सारे रान उभे असते. ढिगाऱ्यात ही मंडळीच नव्हती!

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनी नेमकी हीच उणीव भरून काढण्याचे ठरविले. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर येथे खाणीच्या ढिगावर १० हेक्टर जागेत त्यांनी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सांडपाणी शुद्ध करताना मागे उरणारा गाळ त्यांनी हेक्टरी ५० टन या प्रमाणात ढिगात मिसळला. एकाची घाण दुसऱ्याचे खत झाली म्हणावयाची! मग उपयुक्त जिवाणू व बुरशी सोडून या मुलखाला मानवणारी झाडे लावली. जे जिवाणू पूर्वी जवळजवळ नव्हतेच, ते तेथे वाढीस लागले आणि रोपांनी मूळ धरले.

ढिगात क्रोमियम, शिसे, कॅडमियम यांसारखे घातक धातूही होते. त्यांचा उपद्रव कमी झाला. पण तो जिवाणूंनी धातू खाल्ल्यामुळे नव्हे. हा भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले व ते किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचले. असे तेल काही जिवाणूंचे अन्नच असते. पुरेशी हवा मिळाली की ते त्यातील बराच भाग फोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाणी करतात. खारफुटीच्या चिखलात खोलवर हवा नसते. म्हणून तेथे मुरलेले तेल वर्षानुवर्षे टिकू शकते. धातूची गोष्टच निराळी. तो मूलद्रव्य असल्यामुळे कोणत्याही जिवाणूला तो फोडता येत नाही. पद्मापुरात मिसळलेला गाळ अल्कधर्मी होता आणि त्यात कुजलेले सेंद्रिय द्रव्य होते. त्यांनी धातूंना जागच्या जागी जखडून ठेवले. म्हणून ते पाण्यात सहज उतरेनात, मुळांतही सहज शिरेनात.

म्हणजे धातू नाहीसे झाले नाहीत. ते त्याच ढिगात बांधलेले आहेत. माती पुन्हा आम्ल झाली, तर ते सुटू शकतात. झाडे तोडली, तर मुळांची पकड जाऊन ढीग पुन्हा पावसाबरोबर वाहू लागतो. त्यामुळे रोपे लावून झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. त्या ढिगाची माती व त्याखालच्या नाल्याचे पाणी यांची तपासणी पुढेही वर्षानुवर्षे करीत राहावे लागते.