मुदतखरेदी आणि गहाण यांतील भेद

वकिलीच्या परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील तरुणांसाठी स्थावर मिळकतीच्या कायद्यातील एक प्रकरण येथे घेतले आहे. प्रकरण लहान दिसते. परंतु परीक्षेत गुण जाणे आणि घरची जमीन जाणे, या दोन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. सबब ज्यांना परीक्षा द्यावयाची नाही अशा खातेदारांनीही ते वाचावे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. एका खातेदारास मुलीच्या लग्नासाठी तीन लक्ष रुपयांची नड आहे. दहा लक्ष किमतीची दोन एकर बागाईत तो सावकाराच्या नावे खरेदीखताने लिहून देतो. ‘पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन फिरवून द्यावी, न केल्यास खरेदी कायम व्हावी’ असे उभयतांत ठरते. गावात या व्यवहारास मुदतखरेदी म्हणतात. आता सहाव्या वर्षी पैसे घेऊन गेलेल्या खातेदारास जमीन परत मिळेल काय?

उत्तर असे, की ती शर्त कोठे लिहिली आहे हे आधी पाहावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ (क) मध्ये सशर्त विक्रीद्वारे गहाण हा प्रकार सांगितला आहे. १९२९ च्या दुरुस्तीने त्यास एक परंतुक जोडले गेले. शर्त खरेदीच्याच दस्तात समाविष्ट नसेल, तर तो व्यवहार गहाण मानता येणार नाही. म्हणजे खरेदीखत सकाळी आणि फेरखरेदीचा करार त्याच दिवशी दुपारी, वेगळ्या कागदावर झाला, तरी या कलमाखालील गहाणाचा दावा संपला. सावकाराचे लेखनिक हे परंतुक चांगले जाणतात. खातेदारास मात्र ते बहुधा दावा लागल्यावर कळते.

शर्त त्याच दस्तात असली म्हणजे गहाण आपोआप सिद्ध झाले, असेही विद्यार्थ्याने लिहू नये. ती केवळ पहिली पायरी होय. पुढे उभयतांचा हेतू पाहावयाचा, आणि तो मुख्यतः दस्ताच्या शब्दांवरून व सभोवतालच्या परिस्थितीवरून. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी आहे काय? ताबा देणाराकडेच राहिला काय? सारा कोण भरीत आला? चुनचुन झा विरुद्ध एबादत अली (१९५४) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय उलगडून दाखविला असून, तो मुळातून वाचावा. आमच्या उदाहरणात शर्त त्याच दस्तात असेल, तर दहा लक्षांची जमीन तीन लक्षांस दिली ही गोष्ट खातेदाराच्या बाजूने मोठी बोलकी ठरेल.

भेदाचे फळ काय, हे आता पाहू. व्यवहार खरी विक्री ठरला तर फेरखरेदीची मुदत काटेकोर पाळावी लागते. ती चुकली की हक्क गेला. तो गहाण ठरला तर कलम ६० प्रमाणे गहाण सोडविण्याचा हक्क मुदत टळल्याने नष्ट होत नाही. ‘न दिल्यास जमीन कायमची तुमची’ हे शब्द त्या हक्कापुढे टिकत नाहीत. तो हक्क पक्षकारांच्या नंतरच्या स्वतंत्र कृत्याने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपतो. तसा हुकूमनामा सावकारास दावा करून मिळवावा लागतो. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे गहाण सोडविण्याच्या दाव्यास, हक्क उत्पन्न झाल्यापासून ३० वर्षे मिळतात. एकाच तीन लक्षांच्या व्यवहारात एकास सहाव्या वर्षी काहीच नाही आणि दुसऱ्यास पुढे कित्येक वर्षे दार उघडे, असा हा फरक आहे.

येथे सातबाराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सावकाराचे नाव फेरफाराने लागले म्हणून खातेदार हात टेकतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद खरी धरली जाते खरी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंद ही साऱ्याच्या सोयीची. मालकी तिने उत्पन्न होत नाही व जातही नाही.

कागदापलीकडे पाहण्याची मागणी या प्रांतात जुनी आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावयास लावले. तो कायदा आता उरला नाही. मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली, जमीन सावकारीच्या ओघात बळकावली गेली असे चौकशीत दिसल्यास, ती परत देण्याचा हुकूम जिल्हा निबंधक करू शकतो. अर्ज कायद्यातील मुदतीत पडावा लागतो. शर्त वेगळ्या कागदावर लिहून फसलेल्या खातेदाराने दिवाणी दाव्याच्या आधी हे कलम तपासून पाहावे.

परीक्षार्थ्यांसाठी आणखी एक बारकावा: शंभर रुपयांवरील स्थावराच्या खरेदीखतास नोंदणी लागते, गहाणखतास, केवळ हक्कलेख ठेवून केलेले गहाण वगळता, नोंदणीबरोबर किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकनही लागते. मुदतखरेदीच्या दस्तावर साक्षीदार आहेत की नाहीत, हे प्रश्नपत्रिकेतील उताऱ्यात प्रथम शोधावे.