धरतीपकड काका

कांजूरमार्गच्या आमच्या रात्रीच्या वर्गात निवडणुकीचा धडा चालू होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, जो पडणारच आहे, त्यानं उभं तरी कशाला राहायचं?" मी त्याला एका माणसाची हकिकत सांगितली. तीच इथे लिहितो.

उत्तर प्रदेशात बरेली नावाचे शहर आहे. तिथे जोगिंदरसिंग नावाचे कापडाचे व्यापारी होते. त्यांचा जन्म १९१८ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या गुजराणवाला गावचा. लोक त्यांना काका म्हणत. काकांना निवडणूक लढवण्याचा नाद लागला. एक हरले की दुसरी. अशा तीनशेहून अधिक निवडणुकांत ते उतरले. पुष्कळदा त्यांचा अर्जच बाद होई. निवडून ते एकदाही आले नाहीत. लोकांनी त्यांचे नाव ठेवले 'धरतीपकड', म्हणजे जमीन घट्ट धरून राहणारा.

उभे राहायला पैसे लागतात. अर्जाबरोबर जी रक्कम भरावी लागते तिला अनामत म्हणतात. लोकसभा आणि विधानसभेचा नियम असा : निवडून न आलेल्या उमेदवाराला वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मते पडली, तर अनामत परत मिळते. नाही तर ती सरकारजमा होते. काकांची अनामत जप्त होई. ते म्हणत, ही माझी देशाच्या तिजोरीला मदत!

तुम्ही म्हणाल, हा पैसा वाया गेला. तसे वाटणे साहजिक आहे. उगाच उभे राहणारे फार झाले तर मतदाराचाही गोंधळ होतो. १९९६ साली तामिळनाडूत मोडकुरिची या एकाच मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते! त्याच साली कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांची १०,००० झाली. पुढे ती २५,००० झाली.

पण आता १९९२ सालची गोष्ट ऐका. उपराष्ट्रपतीची निवडणूक होती. तिथे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सभासद मत देतात. के. आर. नारायणन यांच्यासमोर एकटे काका उभे होते. नारायणन यांना ७०० मते पडली. काकांना किती? फक्त एक!

हसू येते ना? पण विचार करा. काका उभे नसते, तर नारायणन बिनविरोध निवडून आले असते. मतदान झालेच नसते. काका उभे राहिले, म्हणून शेकडो सभासदांना मत द्यावे लागले. ज्या एकाला वेगळे वाटत होते, त्यालाही आपले मत पेटीत टाकता आले. ते मोजले गेले. ते कोणाचे, हे कळायला मार्ग नाही. मत गुप्त असते.

गावातही हेच आहे. सर्वांनी मनापासून एकमत केले, तर बिनविरोध निवडणूक चांगली. पण पैशाने किंवा धाकाने दुसऱ्याला बसवले, तर ते एकमत नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. ज्या गावात बोली लागते, तिथे गरिबाच्या मताला किंमत उरत नाही.

काका १९९८ साली वारले. तुम्ही त्यांच्यासारख्या तीनशे निवडणुका लढवू नका. पण एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि नियमात बसणाऱ्या मतदाराला, बाई असो वा पुरुष, ग्रामपंचायतीला उभे राहता येते. गावाचे एखादे काम अडले असेल आणि कोणी बोलत नसेल, तर अर्ज भरा. जत्रेत कुस्ती हरलेला पैलवान पुढच्या वर्षी पुन्हा लांग कसतोच की! पडण्यात लाज नाही. मत विकण्यात आहे.

प्रश्न
१. अनामत म्हणजे काय?
२. विधानसभेला १,२०० वैध मते पडली. हरलेल्या एका उमेदवाराला १९० मिळाली. त्याची अनामत परत मिळेल का?
३. तुमच्या गावची मागची निवडणूक बिनविरोध झाली का? कशी झाली, ते चार ओळींत लिहा.