आपली भिंत, परक्याची खिडकी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली आपल्या सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. त्या प्रयोगाचे एकही दृश्य आज आपल्याला पाहता येत नाही. आता मात्र स्नेहसंमेलनातील छोटीशी नाट्यछटासुद्धा कोणी ना कोणी मोबाइलवर टिपून ठेवतो. अशा चित्रफिती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर दिसाव्यात, अशी आम्हा विद्यार्थ्यांची इच्छा असते आणि ती रास्तच आहे. परंतु तेथे जी चित्रफीत दिसते, ती तेथे असते काय? मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या प्रश्नाचा जो अभ्यास मला करता आला, त्याचे सार येथे मांडतो.

चित्रफितीला साठवणुकीची जागा फार लागते. म्हणून ती बहुधा यूट्यूबसारख्या सेवेकडे ठेवतात आणि आपल्या पानावर 'आयफ्रेम' नावाची एक ओळ लिहितात. आयफ्रेम म्हणजे आपल्या पानात बसवलेली चौकट. तिच्यातून दुसऱ्या संकेतस्थळाचे पान दिसते. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय आणली आणि १९९७ च्या एचटीएमएल ४.० या प्रमाणात तिला स्थान मिळाले. थोडक्यात, भिंत आपली, तीत खिडकी पाडली आपण, पण पलीकडचे अंगण परक्याचे.

ही सोय मुळातच घातक आहे असे मात्र नव्हे. चौकटीतील पान वेगळ्या पत्त्यावरचे असेल, तर त्याला आपल्या पानातील मजकूर वाचता येत नाही. ब्राउझरच तशी आडकाठी घालतो. परक्याचा प्रोग्रॅम थेट आपल्या पानात चिकटवण्यापेक्षा चौकट केव्हाही बरी. तरीही तीन प्रकारचे धोके उरतात.

पहिला धोका, पलीकडचा मालक बदलण्याचा. 'व्हिडमी' नावाची चित्रफिती ठेवणारी एक सेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली. पुढे तिचा पत्ता अश्लील चित्रफितींच्या धंद्यातील एका कंपनीच्या हाती गेला. परिणामी जुलै २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट', 'हफपोस्ट' यांसारख्या संकेतस्थळांवरील जुन्या बातम्यांत, जेथे पूर्वी साध्या चित्रफिती होत्या, तेथे अश्लील दृश्ये दिसू लागली. या वृत्तपत्रांच्या यंत्रणेत कोणीही चोरून शिरले नव्हते. त्यांच्या पानांतील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते खिडकीपलीकडचे अंगण.

दुसरा धोका, आपण न पाडलेल्या खिडकीचा. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस मुंबईत मुख्यालय असलेल्या बँक ऑफ इंडियाच्या संकेतस्थळात कोणीतरी डोळ्यांना न दिसणारी एक आयफ्रेम घुसवली. पान नेहमीसारखेच दिसत होते; पण ते उघडणाऱ्या ज्या संगणकांत सुरक्षेच्या सुधारणा भरलेल्या नव्हत्या, त्यांत त्या अदृश्य चौकटीतून घातक प्रोग्रॅम उतरत होते. ग्राहकांनी विश्वास ठेवला होता बँकेच्या नावावर, आणि नेमका त्याच विश्वासाचा फायदा उठवला गेला.

तिसरा धोका याच्या उलट आहे. आपले पान दुसराच कोणी आपल्या चौकटीत बसवतो, ते पारदर्शक करतो आणि त्याखाली स्वतःचे आमिष मांडतो. पाहणाऱ्याला वाटते आपण खालचे बटण दाबतो आहोत. प्रत्यक्षात दाबले जाते वरचे, न दिसणारे. रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी २००८ साली या युक्तीला 'क्लिकजॅकिंग' हे नाव दिले.

यावर उपाय काय? ते आहेत, आणि फारसे खर्चिकही नाहीत. चौकटीला 'सँडबॉक्स' हा गुणधर्म जोडला, की आतील पानाला नवी खिडकी उघडणे, अर्ज भरून घेणे अशा गोष्टींची मनाई होते. चित्रफीत चालण्यापुरतीच मोकळीक द्यावी. कॅमेरा व मायक्रोफोन वापरण्याची परवानगी चौकटीला देऊ नये. कोणत्या पत्त्यांवरील पाने आपल्या चौकटीत दिसू शकतील, याची यादी सर्व्हरमार्फत ब्राउझरला कळवता येते. यादीबाहेरची चौकट, मग ती चोरून घुसवलेली का असेना, रिकामी राहते. मात्र चोर सर्व्हरपर्यंतच पोहोचला तर ही यादीही तो बदलेल. म्हणून परवलीचे शब्द आणि संकेतस्थळाचे प्रोग्रॅम अद्ययावत ठेवणे आलेच. आपले पान कोणी चौकटीत बसवावे, हेही तसेच ठरवता येते. त्याची पहिली सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये २००९ साली झाली. यूट्यूबची चित्रफीत लावताना प्रेक्षकाच्या कमीत कमी नोंदी घेणारा पर्यायी पत्ता वापरावा. आणि मूळ चित्रफितीची एक प्रत महाविद्यालयापाशी अवश्य ठेवावी.

परंतु व्हिडमीचे प्रकरण जे शिकवते, ते कोणत्याही ओळीत लिहून भागणारे नाही. ज्या पत्त्याला आपण यादीत स्थान दिले, तोच उद्या विकला गेला तर? तेथे माणसाची नजरच हवी. ग्रंथालयात दरवर्षी पुस्तकांची मोजदाद होते, तशी संकेतस्थळावरील प्रत्येक चौकटीची नोंदवही असावी आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक चौकट कोणीतरी उघडून पाहावी. जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या गावातील पालक आपल्या मुलीच्या प्रवेशाची माहिती शोधताना आपले पान उघडतील, तेव्हा खिडकीपलीकडचे अंगण कोणाचे, हे त्यांना ठाऊक नसेल. त्यांना दिसेल ते भिंतीवरचे महाविद्यालयाचे नाव. त्या नावाची राखण करणे हे एकट्या संगणक विभागाचे काम नव्हे, ते आपणा सर्वांचे आहे.